टीएची ऑफर आहे, पण स्पीकिंगला २३: आता करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. गेल्या वर्षी दिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण १०३, त्यात स्पीकिंगला २३. ऑफर लेटरमध्ये टीएशिपपुढे (टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट, स्टायपेंड आणि फीमाफीच्या बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवणारा) ‘इंग्रजी संभाषणाची अट पूर्ण केल्यास’ अशी ओळ आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा आणि डिग्री इंग्रजीतून. तुम्ही विचारताय की प्रवेश दिला म्हणजे इंग्रजी चालण्यासारखं आहे हे त्यांनीच मान्य केलं, मग ही दुसरी अट कशाला? टोफेल पुन्हा द्यावी का? आणि अ‍ॅक्सेंट सुधारण्याचा महागडा क्लास लावावा का?

क्लासचं आधी सांगतो: लावू नका. कारण पुढे येईलच. टोफेलचं उत्तर मात्र ‘अवलंबून आहे’ असंच आहे, आणि ते कशावर अवलंबून आहे हे कळलं तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

मुळात या दोन अटी वेगवेगळ्या कारणांसाठी आहेत. प्रवेशाची अट बघते ती तुम्हाला शिकता येईल का हे. लेक्चर कळेल का, पेपर वाचता येईल का, थीसिस लिहिता येईल का. टीएची अट बघते ती तुमच्याकडून दुसऱ्याला शिकता येईल का हे. इथे ‘दुसरा’ म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा किंवा मुलगी, जिने भारतीय इंग्रजी आयुष्यात फारसं ऐकलेलं नाही आणि जिच्या घरच्यांनी भरमसाट फी भरलेली आहे. १९८० च्या दशकात ‘टीए काय बोलतो ते कळत नाही’ अशा तक्रारी पालकांकडून थेट राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत गेल्या आणि एकेका राज्याने कायदे केले. फ्लोरिडाने १९८३ मध्ये केला, ओहायोने १९८६ मध्ये, पेनसिल्व्हेनियाचा १९९० चा. कार्नेगी मेलन हे खासगी विद्यापीठ, पण तेही पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यावर बोट ठेवूनच आपल्या परदेशी टीएंची चाचणी घेतं. इलिनॉय, टेक्सास, मिझुरी इथेही असे कायदे आहेत. म्हणून तुमच्या गाइडला किंवा विभागप्रमुखाला ‘सर, एवढं सांभाळून घ्या’ म्हणण्यात अर्थ नसतो. ती सूट देणं त्यांच्या हातातच नसतं.

‘माझी डिग्री इंग्रजीतूनच झाली आहे’ हा मुद्दाही इथे बहुतेक वेळा चालत नाही. त्या प्रमाणपत्रावर काही विद्यापीठं प्रवेशासाठी टोफेल माफ करतात, पण टीएच्या नियमात शब्द असतात ‘ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही’. तिथे कॉलेजचं माध्यम कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी वाचलं-लिहिलं जातं भरपूर, पण चार वर्षांत सलग पाच मिनिटं इंग्रजीत बोलण्याची वेळ सेमिनार आणि व्हायव्हा सोडला तर किती जणांवर येते?

आता तुमचे २३. जुन्या, म्हणजे जानेवारी २०२६ आधीच्या, टोफेलमध्ये स्पीकिंगची चार उत्तरं असायची. प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि त्यांची सरासरी ३० च्या मापात बसवायची. सरासरी ३ आली की २३ होतात, साडेतीन आली की २७. म्हणजे तुम्ही सगळीकडे ‘तीनवाले’ आहात, आणि २७ साठी चारपैकी निम्मी उत्तरं ‘चारवाली’ व्हायला हवी होती. तीन आणि चारमधला फरक व्याकरणात असतो असं मुलांना वाटतं. थोडासा असतोही. पण मुख्य फरक ऐकणाऱ्याला पडणाऱ्या कष्टांचा आहे. तीनला बोलणं एकंदरीत स्पष्ट असतं, पण अधूनमधून ऐकणाऱ्याला कान टवकारावे लागतात. चारला ते लागत नाहीत. टीएच्या प्रत्येक चाचणीचा गाभा हाच आहे, मग तिचं नाव काहीही असो.

आता हे २३ कुठे पुरतात? कुठे थोडक्यात हुकतात, कुठे फार कमी पडतात. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात जुन्या मापावर स्पीकिंगला २४ ची रेषा होती, पर्ड्यूमध्ये २७ ची. दोन्ही ठिकाणी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेच्या स्पीकिंगला मात्र ८ च मागायचे. काही विद्यापीठं मधल्या गुणांवर शिकवायला देतात, पण सोबत इंग्रजीचा एक कोर्स घ्यायला लावतात. रेषेच्या खाली असलेल्यांसाठी विद्यापीठाची स्वतःची चाचणी असते.

म्हणून टोफेल पुन्हा द्यायची की नाही हे ठरवताना तीन गोष्टी बघा. पहिली, तुमच्या विद्यापीठाची रेषा. ती २४ किंवा २५ असेल तर पुन्हा देण्यात राम आहे. २७-२८ असेल तर मी कॅम्पसवरच्या चाचणीची तयारी करायला सांगेन, विशेषतः त्या चाचणीत शिकवून दाखवायचं असेल तर. कारण तिथे विषय तुमचा असतो, फळा तुमच्या हातात असतो, आणि टोफेलसारखं ४५ सेकंदांत अनोळखी प्रश्नावर मत मांडायचं नसतं. दुसरी गोष्ट, जानेवारी २०२६ पासून टोफेलच बदलली आहे. गुण १ ते ६ अशा मापावर मिळतात. स्पीकिंगमध्ये आता ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवायची असतात आणि मुलाखतीसारख्या प्रश्नांना विचार करायला वेळ न घेता उत्तरं द्यायची असतात. वाचा-ऐका-मग बोला हा तुम्ही घोटलेला प्रकार गेला. त्यामुळे गेल्या वर्षीचा सराव फारसा कामाला येणार नाही, आणि नव्या मापावरची टीएची रेषा कोणती हे विद्यापीठाला लेखी विचारल्याशिवाय फी भरू नका. तिसरी गोष्ट तारीख. निकाल सेमिस्टरच्या टीए-वाटपाआधी पोचायला हवा. ते वाटप बऱ्याच विभागांत जुलैत होतं, ऑगस्टमधला निकाल मग पुढच्या सेमिस्टरच्या कामाचा.

विभागाच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला एक मेल करा. त्यात एवढं विचारा: कोणत्या परीक्षेचे किती गुण चालतात आणि ते किती जुने चालतात, कॅम्पसवरची चाचणी कोणत्या प्रकारची आहे, कधी आहे, नाव कधी नोंदवायचं, किती वेळा देता येते, पास नाही झालो तर पहिल्या सेमिस्टरचा स्टायपेंड आणि ट्यूशन वेव्हर (फीमाफी) चालू राहतो का, आणि इंग्रजीचा कोर्स घ्यावा लागला तर त्याची फी त्या वेव्हरमध्ये येते का. ‘पास नाही झालो तर’ हा प्रश्न विचारायला मुलांना संकोच वाटतो. आपण नापास होणार असं समोरच्याला वाटेल, ही भीती. को-ऑर्डिनेटर हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकत असतो, त्यात काही लाजण्यासारखं नाही. उत्तर मात्र विभागागणिक वेगळं येतं. कुठे पहिल्या सेमिस्टरला पेपर तपासण्याचं किंवा लॅबची मांडणी करण्याचं काम देतात, ज्याला बोलण्याची अट नसते. कुठे गाइडच्या प्रोजेक्टवर आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट, म्हणून घेतात. आणि कुठे ऑफर खरोखरच अडकते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि अर्धवेळ टीएशिप तेवढ्याच तासांची असते. तेव्हा ‘तोवर दुसरं काहीतरी करून भागवू’ हा हिशोब जमत नाही. कँटीनमधल्या कामावर ट्यूशन माफ होत नाही.

कॅम्पसवरच्या चाचण्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक, कॉम्प्युटरसमोर बसून हेडफोनवर प्रश्न ऐकायचे आणि उत्तरं रेकॉर्ड करायची. पर्ड्यूची ओईपीटी अशी आहे, तिथे ३५ ते ६० च्या मापावर ५० ला पास. दोन, दोन परीक्षकांसमोर मुलाखत. इलिनॉयची ईपीआय या जातीची. तीन, पाच ते दहा मिनिटं शिकवून दाखवायचं, समोर परीक्षक आणि बऱ्याचदा एक-दोन पदवीचे विद्यार्थी, जे मुद्दाम प्रश्न विचारतात. आयोवा स्टेटमध्ये मुलाखत आणि शिकवणं दोन्ही असतं. निकालही बहुतेक ठिकाणी पास-नापास एवढाच नसतो, मध्ये ‘सशर्त’ नावाची पायरी असते. त्या पायरीवर लॅब घेता येते, पण स्वतंत्र वर्ग मिळत नाही. तुमच्यासारख्या २३ वाल्यांचं पहिलं मुक्कामाचं ठिकाण बहुधा हेच असतं आणि ते काही वाईट नाही.

आता मुख्य भाग: मराठी माणसाच्या इंग्रजीत ऐकणाऱ्याला कष्ट नेमके कुठे पडतात. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. थ आणि द जिभेचं टोक दातांत धरून म्हणत नाही, ट आणि ड मूर्धन्य लागतात, र अमेरिकन नाही, या गोष्टी कानाला भारतीय लागतात पण समजायला आड येत नाहीत. ऐकणारा दोन मिनिटांत सरावतो. अ‍ॅक्सेंटचे क्लास नेमके यांच्यावरच महिने घालवतात, म्हणून मी त्यांच्या विरोधात आहे. ‘वॉटर’चं ‘वॉरर’ करून गुण वाढत नाहीत. उलट अर्धं बोलणं अमेरिकन आणि अर्धं सांगलीचं झालं की ऐकणाऱ्याला सरावायलाच मिळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शब्दातल्या आघाताने. मराठीत शब्दातली अक्षरं साधारण सारख्याच वजनाने येतात, आघात चुकला म्हणून शब्द दुसराच वाटत नाही. इंग्रजी कान मात्र आधी आघात ऐकतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. आघाताचं अक्षर लांब, उंच आणि स्पष्ट; बाकीची अक्षरं आक्रसून ‘कमळ’मधल्या ‘म’सारख्या दबक्या ‘अ’वर येतात. आपण ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणताना ‘व्हे’वर जोर देतो. अमेरिकन विद्यार्थ्याला अपेक्षित असतं ‘ड-रि-व्हटिव्ह’, जोर ‘रि’वर आणि ‘व्हे’ जवळजवळ गायब. ‘पॅरामीटर’ नव्हे, ‘प-रॅ-मिटर’, जोर ‘रॅ’वर. ‘कॉम्पोनंट’ नव्हे, ‘कम-पो-नंट’. ‘डिटरमाइन’ नव्हे, ‘डि-टर्-मिन’. ‘अ‍ॅनालिसिस’मध्ये जोर ‘नॅ’वर, पण ‘अ‍ॅनलाइझ’ म्हटलं की तो पहिल्या अक्षरावर येतो. हे शब्द तुमच्या विषयात दर मिनिटाला येणार. असा एक शब्द हुकला की विद्यार्थी त्याचा अर्थ लावत बसतो आणि तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. परीक्षक ‘अस्पष्ट’ म्हणून टिपतो ते हेच.

उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा. जो विषय शिकवायला मिळण्याची शक्यता आहे, समजा थर्मोडायनॅमिक्स किंवा स्टॅटिक्स, त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या सूचीतून तीन किंवा अधिक अक्षरांचे ६०-७० शब्द काढा. मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येकाचा उच्चार ऐका, आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा, आणि तो शब्द एकटा नाही तर वाक्यात घालून पाच वेळा म्हणा. रोज सात-आठ शब्द पुरे. एकट्याने नीट म्हटलेला शब्द वाक्यात गेला की पुन्हा जुन्या वळणावर जातो, म्हणून वाक्य महत्त्वाचं.

दुसरं नुकसान वेगाचं, किंवा नेमकं सांगायचं तर थांब्यांचं. मुलांना सांगितलं जातं ‘हळू बोल’, मग ती प्रत्येक शब्द सुटा करून म्हणतात आणि ते आणखीच अवघड होतं. वेग शब्दांमध्ये कमी करायचा नसतो, शब्दांच्या गटांमध्ये थांबायचं असतं. चार ते सहा शब्दांचा एक गट, त्यात एकच महत्त्वाचा शब्द उचलायचा, गटानंतर अर्धा सेकंद शांत. सूत्र फळ्यावर लिहिल्यावर पूर्ण दोन सेकंद. तुम्हाला तो थांबा युगासारखा वाटेल, वहीत उतरवून घेणाऱ्याला नाही. आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद. लिहा, वळा, मग बोला.

ध्वनींपैकी चार गोष्टींवर मात्र वेळ घालवा. पहिली, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपण ‘प’ आणि ‘फ’ वेगळे मानतो. इंग्रजीत तसे दोन नाहीत, पण शब्दाच्या तोंडाशी आलेल्या ‘प’मागे हवेचा झोत असतोच, जुन्या माणसांच्या ‘फळ’मधल्या फ सारखा, ओठ पूर्ण मिटून. तो झोत नसेल तर अमेरिकन कानाला ‘ब’ ऐकू येतो. वाक्यात संदर्भाने निभावतं, पण तुम्ही आकृतीवर बिंदू पी दाखवलात आणि त्याने बी ऐकलं तर संदर्भ काय मदत करणार? टी आणि डी चंही तसंच. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ‘पी’ म्हणताना ती हलली पाहिजे.

दुसरी, व्ही आणि डब्ल्यू. मराठी लिहिण्यात आपण ‘व्हॉल्यूम’ला व्ह घालून पाप धुतो, पण बोलताना दोन्हीकडे एकच ‘व’ येतो. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूसाठी ओठ शिट्टीसारखे गोल, दातांचा संबंध नाही. ‘वेव्ह व्हेलॉसिटी’ हे दोनच शब्द रोज वीस वेळा म्हणा, त्यात सगळं आलं.

तिसरी, झेड. ‘जरा’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज वेगळे हे मराठी माणसाला सांगायला नको. झेडच्या जवळचा आहे तो ‘जरा’मधला. पण पुढे इ-ई आली की आपली जीभ आपोआप ‘जीवन’वर जाते. अमेरिकेत झेडला ‘झी’ म्हणतात, आणि तुम्ही ते ‘जीवन’च्या ज ने म्हटलंत की समोरचा जी ऐकतो. झेड अक्षाच्या जागी जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण! मेकॅनिक्सच्या वर्गात याहून मोठा घोटाळा सुचत नाही. ‘स’ धरा, तसाच लांबवा आणि त्यात घशाचा आवाज मिसळा. जीभ टाळ्याला चिकटू द्यायची नाही.

चौथी, ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते शुद्धलेखनात सांभाळतो, बोलण्यात नाही. ‘हीट’ आखूड पडली तर ‘हिट’ ऐकू येतं, आणि तुमच्या विषयात हीट ट्रान्स्फर आहे. ‘फिल’ आणि ‘फील’, ‘स्लिप’ आणि ‘स्लीप’ हेही त्याच खात्यात. नुसतं लांबवून भागत नाही, दीर्घ ई ला ओठ ताणायचे आणि ऱ्हस्व इ ला जबडा ढिला सोडायचा.

यानंतर शब्दसंग्रह. इथे काही तासांत मोठा फायदा होतो आणि गंमत म्हणजे कुठलाही क्लास हे शिकवत नाही. आपल्या गणिताच्या तासाचं इंग्रजी हे आपलंच आहे. ‘टू इंटू थ्री’ म्हणजे आपल्याकडे सहा. अमेरिकेत ‘इंटू’ हा भागाकार, ‘टू इंटू सिक्स’ म्हणजे तीन. म्हणून गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणा. ‘ए अपॉन बी’ तिथे कुणी म्हणत नाही, ‘ए ओव्हर बी’. ‘एक्स डॅश’ला ‘एक्स प्राइम’. ‘आय कॅप’ला ‘आय हॅट’. गोल कंसाला ‘ब्रॅकेट’ नाही, ‘परेन्थिसीस’. ब्रॅकेट म्हणजे त्यांचा चौकोनी कंस. ‘मॅथ्स’चं ‘मॅथ’, ‘मार्क्स’चे ‘पॉइंट्स’, गणित सोडवायला दिलं तर ते ‘सम’ नाही, ‘प्रॉब्लेम’. आणि ‘रबर’ मागू नका, ‘इरेझर’ मागा. वर्ग का हसला हे मग शोधावं लागणार नाही. सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘डाउट’. ‘एनी डाउट्स?’ म्हटलं की त्यांना वाटतं तुम्ही विचारताय, माझ्यावर विश्वास नाही का? ‘क्वेश्चन्स’ म्हणा.

आता प्रश्नोत्तरं, जिथे मुलं खरोखर पडतात. शिकवून दाखवण्याच्या चाचणीत पाठ केलेली पाच मिनिटं बहुतेकांची बरी जातात. मग मागच्या बाकावरचा विद्यार्थी अर्धवट शब्द गिळत काहीतरी विचारतो आणि आपला उमेदवार एकतर न कळता ‘येस’ म्हणतो, नाहीतर न विचारलेल्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर देतो. परीक्षक हे लगेच ओळखतात, कारण तो प्रश्न मुद्दाम पेरलेला असतो. म्हणून सवयच लावून घ्या: प्रश्न आला की आधी तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. ‘सो यू आर आस्किंग व्हाय द साइन चेंजेस हिअर, राइट?’ तो हो म्हणाला की उत्तर, तेही दोन-तीन वाक्यांत, आणि शेवटी ‘डझ दॅट आन्सर युअर क्वेश्चन?’ मुळीच कळलं नाही तर ‘कुड यू पॉइंट टु द स्टेप यू मीन?’ म्हणून त्याला फळ्याकडे बोट दाखवायला लावा. पुन्हा विचारायला लावण्याने गुण जात नाहीत, भलतंच उत्तर दिल्याने जातात. ‘अंडरस्टूड?’ हे आपल्या सरांचं वाक्य तिथे दरडावल्यासारखं लागतं. आणि मान डोलावणं आवरा. आपली ती ‘हो हो, कळलं’वाली डोलावणी त्यांना ‘नाही’ वाटते.

शिकवण्याचा विषय जितका लहान घ्याल तितकं बरं. ‘हीट ट्रान्स्फरचे तीन प्रकार’ पाच मिनिटांत होत नाही. ‘रेडिएटरला पातळ पत्र्या का लावतात’ होतं. अर्ध्या मिनिटात प्रश्न मांडा, एका मिनिटात एकच संज्ञा फळ्यावर लिहून समजवा, दोन मिनिटं आकडे घालून एक उदाहरण एककांसकट सोडवा, मध्येच एकदा विद्यार्थ्यांना काहीतरी विचारा ज्याचं उत्तर आकड्यात किंवा एका शब्दात येईल, आणि उरलेला वेळ प्रश्नांना. व्याख्यान शब्दशः पाठ करू नका. पाठांतराने आवाज सपाट होतो, थांबे मोडतात, आणि परीक्षकाने मध्येच अडवलं की धागा सापडत नाही. मुद्द्यांचे पाच-सहा शब्द एवढंच डोक्यात असू द्या.

तुमच्याकडे ऑगस्टपर्यंत दहा-बारा आठवडे असतील असं धरतो. रोज चाळीस मिनिटं काढा. दहा मिनिटं शब्दांच्या यादीला. पंधरा मिनिटं एखाद्या अमेरिकन शिक्षकाच्या मागोमाग बोलायला. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर टीए घेतात तसल्या रेसिटेशनचे, म्हणजे लेक्चरला जोडून गणितं सोडवून दाखवण्याच्या तासांचे, व्हिडिओ आहेत, प्रोफेसरांच्या लेक्चरपेक्षा ते तुमच्या कामाचे. तीस सेकंदांचा तुकडा घ्या, त्याचे थांबे आणि जोर जसेच्या तसे उचला, आवाजाची नक्कल नको. उरलेली पंधरा मिनिटं फोन समोर ठेवून एक लहान विषय शिकवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपलं आपल्याला सगळं कळतं. फोनच्या डिक्टेशनवर उतरवून बघायलाही हरकत नाही, पण त्याला आता भारतीय इंग्रजीची चांगली सवय झाली आहे, त्यामुळे त्याने बरोबर लिहिलं म्हणजे विद्यार्थ्यालाही कळेल असं धरून चालू नका. त्याने एकच शब्द तीनदा चुकीचा लिहिला तर मात्र तो शब्द यादीत घाला. आठवड्यातून एकदा मेकॅनिकल न शिकलेल्या मित्राला कॉलवर बसवा आणि त्याला मुद्दाम मध्ये तोडायला सांगा.

ऐकण्याचा सराव विसरू नका. बातम्या आणि टेड टॉक यांचा उपयोग कमी, तिथे सगळे नीट बोलतात. पदवीच्या मुलांनी बनवलेले कॅम्पसवरचे व्हिडिओ ऐका, ती कशी अर्धी वाक्यं टाकतात ते कानाला लागू द्या.

चाचणी ऑगस्टच्या मध्यावर, ओरिएंटेशनच्या आठवड्यात असण्याची शक्यता जास्त. तेव्हा तिकीट काढताना पोचण्याची तारीख आणि चाचणी यांत निदान चार-पाच दिवस ठेवा. साडेनऊ ते साडेबारा तासांचं जेट लॅग घेऊन दुपारी दोन वाजता बसलेला माणूस आपल्या घड्याळाने रात्री साडेअकरा ते अडीचच्या दरम्यान इंग्रजी बोलत असतो. वेळ निवडता आली तर सकाळची घ्या. नावनोंदणीच्या जागा लवकर भरतात, म्हणून को-ऑर्डिनेटरला मेल याच आठवड्यात जाऊ दे, आणि त्यात तुमचा विद्यार्थी क्रमांक आणि टोफेलच्या चारही विभागांचे सुटे गुण लिहा. नुसतं ‘१०३’ लिहिलंत तर पहिलं उत्तर ‘स्पीकिंगचे किती?’ एवढंच येईल आणि आठवडा फुकट जाईल.